देवमाशाचा हात

बडोद्याच्या सयाजीबागेला येथील जुनी मराठी घराणी अद्यापही कमाटीबागच म्हणतात. श्रीमंत महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1879 साली उभारलेल्या या बागेत पुढे संग्रहालय झाले व त्याची वास्तू 1894 मध्ये पुरी झाली. इजिप्तमधून आणलेली ममी, अकोट्यास सापडलेल्या कांस्यमूर्ती, युरोपीय चित्रकारांची चित्रे हे तेथील वैभव पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु विद्यार्थ्यांचे पाय जेथे आपोआप थबकतात ती वस्तू निराळीच. ती म्हणजे एका देवमाशाचा सांगाडा. 1944 साली मही नदीच्या मुखाकडे मिळालेला हा निळा देवमासा सुमारे 70 फूट लांबीचा असून तो अल्पवयीन असावा असे मानतात. पूर्ण वाढीचा निळा देवमासा शंभर फुटांच्या घरात जातो, आणि आज हयात असलेल्या प्राण्यांत त्याच्याइतका प्रचंड दुसरा कोणीही नाही.

आपल्या भाषेने त्याला मासा म्हटले, यात नवल नाही. जो जन्मभर पाण्यात राहतो, ज्याला पाय नाहीत व ज्याच्या मागे शेपूट आहे, त्याला आणखी काय म्हणावे? थोर वर्गीकरणशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यानेही आपल्या ग्रंथाच्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवमासा माशांतच घातला होता. 1758 साली निघालेल्या दहाव्या आवृत्तीत मात्र त्याने त्याला तेथून उचलले आणि गाय, घोडा, उंदीर यांच्या पंगतीस बसविले. या पंगतीला त्याने स्तनांवरून नाव दिले. आपल्याकडील ‘सस्तन’ हा शब्द त्याच अर्थाचा होय. त्याच ग्रंथात लिनियसने माणूस, माकडे व लेमूर यांचा एक वरिष्ठ गण केला. त्यास आपण मराठीत नरवानर गण म्हणतो. गमतीची गोष्ट अशी की, या मानाच्या गणात त्याने वटवाघळालाही जागा दिली होती! वटवाघळाच्या मादीचे दोन स्तन मनुष्याप्रमाणे छातीवर असतात, हे त्याचे एक कारण. पुढील शास्त्रज्ञांनी वटवाघूळ तेथून काढून त्याचा स्वतंत्र गण केला. देवमासा मात्र सस्तनांत राहिला तो कायमचाच.

एखादा प्राणी सस्तन आहे हे ओळखावयाचे तरी कसे? वरच्या आकाराने ओळखू जाल तर फसाल. देवमासा माशासारखा दिसतो, वटवाघूळ पक्ष्यासारखे उडते, खवल्या मांजर तर एखाद्या सरड्याप्रमाणे खवल्यांनी मढलेले असते. तरीही तिघे सस्तनच. म्हणून आम्ही वाचकांस एक तुलना सुचवितो, आणि तिच्यासाठी बडोद्याहून सोयीचे गाव शोधूनही सापडावयाचे नाही. सयाजीबागेला लागूनच विश्वामित्री नदी वाहते, आणि तिच्यात, ऐन शहराच्या मध्यभागी, मगरी राहतात. हिवाळ्याच्या सकाळी काठावर जबडा उघडून निश्चल पडलेली मगर बडोदेकरांनी पुष्कळदा पाहिलेली असते. ती आळशी नव्हे. तिच्या शरीरात उष्णता निर्माण करणारी भट्टी फार मंद असल्याने तिला ऊब बाहेरून, सूर्यापासून घ्यावी लागते. याचा एक मोठा फायदा आहे. एकदा पोट भरले की मगर कित्येक आठवडे उपाशी राहू शकते.

आता आपल्या न्हाणीघराच्या मोरीतून रात्री चीं चीं करीत पळणारी चिचुंदरी पाहा. तिला लोक उंदीर समजतात. पण ती उंदराच्या गोत्रातील नव्हे, किडे खाणारा एक निराळाच सस्तन प्राणी आहे. थंडी असो वा उन्हाळा, तिचे शरीर सारखे उबदार राहते, आणि तेवढ्यासाठी तिला रात्रंदिवस दर काही तासांनी खावे लागते. लहान शरीरातून उष्णता झपाट्याने निघून जाते, म्हणून भट्टीही झपाट्याने पेटती ठेवावी लागते. सस्तन प्राण्याचे सारे वैभव आणि साऱ्या अडचणी या एका भट्टीत आहेत. ती असल्यामुळे तो रात्री हिंडू शकतो, हिमालयात राहू शकतो, ध्रुवाजवळच्या समुद्रात पोहू शकतो. आणि ती असल्यामुळेच त्याला सतत खावे लागते.

सस्तनांची इतर लक्षणे याच दृष्टीने पाहिली म्हणजे ती पाठ करण्याचे कारण उरत नाही. अंगावरचे केस ही उष्णता धरून ठेवण्याची घोंगडी होय. देवमाशाने ती टाकून त्वचेखाली चरबीचा जाड थर घेतला; तथापि त्याच्या तोंडाभोवती थोडे राठ केस अद्याप शिल्लक आहेत. छाती व पोट यांच्यामधील स्नायूचा पडदा, ज्याला मध्यपटल म्हणतात, तो भात्यासारखा चालून भट्टीला हवा पुरवितो. मगरीचे दात पाहा. ते लहानमोठे असले तरी सारे सुळ्यांसारखेच असतात, कारण तिला घास चावावयाचा नसून गिळावयाचा असतो. सस्तनाला अन्नाचा कस लवकर काढावयाचा असतो, म्हणून त्याच्या तोंडात कापणारे पटाशीचे, फाडणारे सुळे आणि दळणाऱ्या दाढा अशी कामाची वाटणी झाली. निळ्या देवमाशाला दात नाहीत. वरच्या जबड्याला लोंबणाऱ्या झालरीच्या चाळणीतून तो समुद्रातील बारीक कोळंबीसारखे जीव गाळून खातो. परंतु गर्भात असताना त्याच्या हिरड्यांत दातांचे अंकुर येतात आणि जन्मापूर्वीच विरून जातात. पूर्वजांचा हिशेब असा कोठेतरी लिहिलेला असतोच.

आणखी एक खूण आम्हांस या सर्वांहून अद्भुत वाटते. मगरीचा खालचा जबडा अनेक हाडे जोडून झालेला असतो, आणि तिच्या कानात ध्वनी वाहून नेणारे हाड एकच असते. सस्तनाच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूस हाड एकच, आणि कानात मात्र तीन: हातोडी, ऐरण व रिकीब. जबड्याच्या सांध्यातील जुनी हाडे लहान होत होत कानात गेली आणि तेथे ऐकण्याचे काम करू लागली. ही कल्पना नव्हे. कांगारूचे पिलू जन्मते तेव्हा त्याची ही हाडे अद्याप जबड्याला जोडलेली असतात, आणि नंतर ती सुटी होऊन कानाच्या कामी लागतात. ज्या हाडांनी एके काळी घास धरला, त्यांनीच आज आपण आईची हाक ऐकतो.

पण सस्तनाला त्याचे नाव मिळाले ते दुधामुळे. मगरही आईपणात काही कमी नाही. ती घरट्यावर पहारा करते आणि अंड्यांतून निघालेली पिले जबड्यात अलगद धरून पाण्यात सोडते. परंतु त्यानंतर पिलाला आपले अन्न आपणच पकडावे लागते. सस्तनाच्या पिलाला अन्न शोधावे लागत नाही. ते आईच्या अंगातूनच येते. ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपस अंडी घालतो, पण त्यातून निघालेल्या पिलाला दूधच पाजतो. त्याला आचळे नसल्याने दूध त्वचेतून पाझरते व पिलू ते चाटते. कांगारूचे पिलू अगदी अपुरे जन्मते व पोटाच्या पिशवीत वाढते. बाकीच्या बहुतेकांचा गर्भ वारेच्या द्वारे आईच्या रक्तातून पोषण घेतो. निळ्या देवमाशाचे बाळ जन्मतःच सुमारे 7 मीटर लांब असते आणि लोण्यासारखे दाट दूध पिऊन ते दिवसाला 90 किलोग्रॅमच्या आसपास वजन वाढविते. आणि आपली ती मोरीतली चिचुंदरी? तिची पिले स्थलांतराच्या वेळी एकमेकांच्या शेपटीजवळची कातडी तोंडात धरून आईमागे आगगाडीच्या डब्यांसारखी चालतात. ज्यांनी हे दृश्य पाहिले, ते पुन्हा तिच्यावर झाडू उगारीत नसतील अशी आम्हांस आशा आहे.

दूध पिण्याचा काळ हा शिकण्याचाही काळ असतो. हा मुद्दा विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा, कारण नरवानरांकडे वळताच तो पुन्हा येणार आहे. तत्पूर्वी देवमाशाच्या हाताविषयी सांगावयास हवे.

देवमाशाच्या छातीच्या दोन्ही अंगांस जी वल्ही असतात, त्यांच्या आत माशाच्या परांतील काड्या नसतात. तेथे दंडाचे एक आखूड जाड हाड असते. कोपराखाली दोन हाडे. मग मनगटाची लहान हाडे. आणि मग बोटे. होय, बोटे. देवमाशांच्या काही जातींत ती पाच असतात, निळ्या देवमाशात चार, परंतु त्यांना आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक पेरे असतात. आपला हात एका जाड मोज्यात घालून तो घट्ट शिवून टाकावा, तसा हा हात आहे. वटवाघळाने तोच हात उलट्या दिशेने नेला. त्याची चार बोटे छत्रीच्या काड्यांप्रमाणे लांबली, त्यांवर कातडीचा पडदा ताणला गेला, आणि अंगठा तेवढा झाडाला लोंबकळण्या-सरकण्यासाठी नखीसह मोकळा राहिला. ज्या वडांवरून आपल्या नगरीचे वटपत्रक हे जुने नाव पडले, तशा मोठ्या वृक्षांवर दिवसा लोंबणारी ही वाघळे संध्याकाळी आकाशातून जाऊ लागली म्हणजे आपण त्यांचे पंख पाहतो; वस्तुतः आपण त्यांचे पंजे पाहत असतो. मानेचेही असेच. जिराफाच्या लांबच लांब मानेत मणके सात, आपल्या मानेत सात, आणि मान जणू नसलेल्या देवमाशातही सातच. दोनतीन अपवाद सोडले तर सर्व सस्तनांचा हा नियम आहे.

शेपटाकडेही पाहावे. मासा शेपूट डावीउजवीकडे हलवितो. म्हणून त्याचे शेपूट उभे असते. देवमासा ते वरखाली हलवितो. म्हणून त्याचे शेपूट आडवे असते. धावत्या घोड्याची वा कुत्र्याची पाठ वरखाली लवते, तशीच ही हालचाल. देवमासा पोहतो तेव्हा त्याचा कणा जमिनीवरची जुनी दौडच चालवीत असतो.

ही दौड कोठे झाली? तिच्या पाऊलखुणा दूर नाहीत. आपल्याच गुजरातमधील कच्छच्या खडकांत देवमाशाच्या पूर्वजांचे अवशेष सापडले आहेत. अशोक साहनी व विजयप्रकाश मिश्र यांनी 1975 साली तेथील काही प्राचीन देवमाशांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे 2000 साली सुनील बाजपेयी व थेविसेन यांनी ‘कच्छिसेटस’ या लहानशा प्राण्याचे वर्णन केले. चार कोटी वर्षांहूनही जुना हा देवमासा पाणमांजरासारखा होता. त्याला चार पाय व लांब शेपूट होते. कानाच्या हाडांवरून, घोट्याच्या हाडांवरून आणि रक्तपेशींतील आनुवंशिक द्रव्यावरून आज असे ठरले आहे की, हयात प्राण्यांत देवमाशाचा सर्वांत जवळचा आप्त म्हणजे पाणघोडा. खूर असलेल्या कुळातला एक प्राणी पाण्यात उतरला आणि परत आलाच नाही.

देवमाशाने हाताचे वल्हे केले. नरवानरांनी मात्र हात हातच ठेवला, आणि त्यांचे सारे भाग्य या जुनेपणात आहे. बडोद्याच्या घरांच्या गच्च्यांवर नि कौलांवर येणारे काळ्या तोंडाचे वानर कोणी पाहिले नाहीत? मराठी भाषेने येथे शास्त्रज्ञांनी कौतुक करावे अशी नेमकी दृष्टी दाखविली आहे. तिने वानर निराळा आणि माकड निराळे मानले. माकड लालसर तोंडाचे, गालांत पिशव्या असलेले. मिळेल ते त्यांत कोंबून पळणारे. वानर सडपातळ, लांब शेपटीचा. त्याला गालपिशव्या नसतात, पण त्याचे पोट अनेक कप्प्यांचे असते. गाईच्या पोटात असतात तसेच सूक्ष्म जंतू त्या कप्प्यांत पाने आंबवून पचविण्यास मदत करतात. म्हणूनच ज्या पानांवर माणूस चार दिवस जगणार नाही, त्यांवर वानराचा संसार चालतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो. शनिवारी मारुतीचे स्मरण करून वानरांना केळी, गोड पाव, पोळ्या घालणारी भाविक कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांचा हेतू चांगला, पण ते पोट पानांचे आहे. पिष्ट व गोड अन्न फार झाले की ते तेथे वेगाने आंबते आणि पोटात आम्ल साचते. गाईने शिळा भात वा पीठ अति खाल्ले तर जे होते, तेच. शिवाय हातातून अन्न घेण्याची सवय झालेला वानर पुढे हातातले हिसकावू लागतो, मग तोच माणूस काठी उचलतो. वानरावर खरी भक्ती असेल तर आवारातला वड, पिंपळ, चिंच तोडू नये.

आता खार आणि वानर एकाच झाडावर पाहा. आमच्या बडोद्याच्या खारीच्या पाठीवर पाच पट्टे असतात. दक्षिणेकडील खारीच्या पाठीवर तीन. प्रभू रामचंद्रांची बोटे उमटल्याची गोड कथा सांगताना बडोद्यातील आजीबाईंनी बोटांची संख्या वाढवून घ्यावी! तर ही खार खोडावर नख्या रोवून चढते. वानर नख्या रोवीत नाही. तो फांदी मुठीत धरतो. त्याच्या बोटांच्या टोकांस आपल्यासारखी चपटी नखे असतात, आणि तळव्यांवर आपल्यासारख्याच बारीक रेषांच्या वळ्या, ज्या पकड घसरू देत नाहीत. पायाचा अंगठाही बाजूस वळलेला असून तो फांदी पकडतो. पकडणारा हात मिळाला की डोळ्यांवर जबाबदारी येते. एका फांदीवरून दुसरीवर झेप घ्यावयाची तर अंतर अचूक कळले पाहिजे. खारीचे डोळे डोक्याच्या बाजूंस असतात, म्हणून तिला चहूकडचा शत्रू दिसतो. वानराचे दोन्ही डोळे समोर, म्हणून दोहोंची दृष्टी एकाच फांदीवर मिळते व अंतराचा अंदाज येतो. गाय, कुत्रा यांना लाल व हिरव्यातला भेद नीटसा कळत नाही. वानराला तो आपल्यासारखा कळतो. पिंपळाची तांबूस कोवळी पालवी हिरव्या पानांतून वेचण्यास ही दृष्टी उपयोगी पडते, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे. हात व डोळे यांची सांगड घालावयास मोठा मेंदू हवा, आणि मोठा मेंदू शिकविण्यास दीर्घ बालपण हवे. वर ध्यानात ठेवावयास सांगितलेली गोष्ट ती हीच.

या हाताचा अतिप्राचीन नमुनाही गुजरातेतच मिळावा, हा सुंदर योगायोग आहे. सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील लिग्नाइट कोळशाच्या खाणीत सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या सस्तनांचे अवशेष सापडले. त्यांत वटवाघळे आहेत, घोडे व गेंडे यांच्या पूर्वजांच्या निकटचा ‘कँबेथेरियम’ आहे, आणि लहानसे नरवानरही आहेत. त्यांपैकी एकाचे नाव खंबायतच्या इंग्रजी नावावरून ‘एशियाडापिस कँबेएन्सिस’ असे ठेविले आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या हातापायांची पंचवीस हाडे तपासण्यात आली. ती इतकी आद्य स्वरूपाची निघाली की, लेमूरांची शाखा व माकड-मानवांची शाखा जेथून फुटली त्या मूळ पूर्वजाच्या फार जवळचे हे प्राणी असावेत, असे अभ्यासकांना वाटते. भारतभूमी आशियाशी भिडण्याच्या त्या काळात तेथे समुद्राकाठचे दलदलीचे दाट अरण्य होते. ते अरण्य पुढे कोळसा झाले, आणि त्या कोळशाने आपल्या काळात दिवे लागले.

त्या चिमुकल्या प्राण्यांची मुले कशी वाढत, हे हाडांवरून कळत नाही. वानरांचे मात्र आपण गच्चीवरून पाहू शकतो. वानरीला साधारणतः एका वेळी एकच पिलू होते, तेही साडेसहा महिन्यांच्या गर्भवासानंतर. आईबाप रुपेरी राखी रंगाचे, पण हे पिलू काळपट असते, आणि त्या रंगामुळेच की काय, टोळीतल्या साऱ्या माद्यांचे लक्ष त्याच्याकडे वेधते. जन्मल्यापासून थोड्याच दिवसांत मावश्या-आत्या ते मागून घेऊ लागतात. आई ते देते. मग ते या मांडीवरून त्या मांडीवर जाते, तोवर आई निवांत पाला खाते. तरुण माद्या त्याला कधी उलटेसुलटेही धरतात आणि ते किंचाळते. मूल कसे धरावे हे त्यांना अजून यावयाचे असते. माउंट अबूच्या वानरांचे 1970 नंतरच्या दशकात निरीक्षण करणाऱ्या सारा हर्डी या विदुषीने अशा माद्यांविषयी विस्ताराने लिहिले आहे, आणि बाहेरून येऊन टोळी बळकावणाऱ्या नरापासून पिलांना असलेल्या जीवघेण्या धोक्याविषयीही. अशा वेळी कित्येकदा आईबरोबर टोळीतल्या म्हाताऱ्या माद्याही त्या दांडग्या नराच्या अंगावर धावून जातात. पिलू मात्र एवढेच करते की, आईच्या पोटाखालचे केस दोन्ही मुठींत घट्ट धरून ठेवते.